बालसंगोपनाची उमेदवारी

पावसाळा लागला म्हणजे साऱ्या कोल्हापूरचे डोळे कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागतात. पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी पोरासही तोंडपाठ आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी आम्हांस जो धडा दिला, त्यानंतर तर घराघरांतून फूट आणि इंच यांचीच चर्चा चालते. आणि पेठेतला व्यापारी दुकानातील माल वरच्या मजल्यावर न्यावयाचा की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवितो. हे सावधपण स्तुत्य आहे. परंतु त्याच बावड्यातील एखाद्या गल्लीत दोन वर्षांच्या मुलाचे वजन तीन महिने तसूभरही वाढलेले नाही, किंवा पाठीमागून हाक मारली तर ते मान वळवीत नाही, ही धोक्याची पातळी कोण मोजतो? ती मोजण्याचे काम आपण अंगणवाडीतील एका बाईच्या हाती दिले आहे. ते तिला कोणी शिकविले, किती दिवस शिकविले आणि कोणत्या रीतीने शिकविले, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी दोन शब्द. ‘उमेदवारी’ म्हटले की हल्ली निवडणुकीचा अर्ज आणि अनामत रक्कम एवढेच डोळ्यांपुढे येते. पूर्वी या शब्दाचा अर्थ निराळा होता. कचेरीत असो वा कारखान्यात, जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून, पडेल ते काम करून धंद्याचे मर्म आत्मसात करणे याला उमेदवारी म्हणत. आणि सरकारी भाषेत ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द अद्यापही जिवंत आहे. कोल्हापूर तर अशा उमेदवारीवरच मोठे झाले. तालमीत पठ्ठा वर्षानुवर्षे वस्तादाच्या नजरेखाली माती उकरतो, तेव्हा कोठे त्याच्या अंगी डाव उतरतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा १९२० साली दाखल झाला आणि तेथे पडेल ते काम करीत शिकला. त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल प्रभृतींबरोबर त्याने १९२९ साली याच गावी ‘प्रभात’ काढली. शिवाजी उद्यमनगरातील कारागीर पुस्तकावरून लेथ चालविण्यास शिकलेला नाही. आणि गुऱ्हाळावरचा गुळव्या काहीलीतला रस कोणत्या क्षणी उतरवावा हे ज्या नजरेने ठरवितो, ती नजर कोणत्याही वर्गात विकत मिळत नाही. ती चुलवाणाच्या धगीशेजारी उभे राहूनच येते. क्षण चुकला तर सारी काहील वाया जाते, म्हणून कोणताही शहाणा शेतकरी आपला ऊस नवशिक्याच्या हवाली करीत नाही.

ज्या गावास हे एवढे कळते, त्या गावाने आपली तीन वर्षांची मुले मात्र ज्यांना शिकविण्याची आपण कधी फिकीर केली नाही अशा हातांत निर्धास्तपणे सोडावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. यावर ठरलेले उत्तर असे की, मूल सांभाळणे हे बाईच्या जातीला शिकवावे लागत नाही. आमच्या आजीने दहा मुले वाढविली, तिने कोणते प्रमाणपत्र घेतले होते? आजीविषयी आमच्याही मनात आदर आहे. परंतु आजी शिकली नव्हती हे मात्र खरे नाही. ती एकत्र कुटुंबात सासूच्या, जावेच्या, शेजारणीच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करूनच शिकली होती. आता बिऱ्हाडे लहान झाली, दोघेही कामावर जाऊ लागली, आणि ती घरगुती शाळा बंद पडली. शिवाय त्या आजीच्या दहांपैकी किती मुले जगली, हेही विचारले पाहिजे. त्या काळी मुले दगावत ती आजीची माया कमी पडली म्हणून नव्हे, तर जे ज्ञान आज उपलब्ध आहे ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते म्हणून.

ते ज्ञान कोणते, हे जरा उकलून सांगितले पाहिजे. कारण ‘मुले खेळविणे’ एवढ्यातच हे काम संपते असा पुष्कळांचा समज आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास केवळ आईचे दूध, आणि त्यानंतर घट्ट, मऊ, घरचे अन्न दिवसातून किती वेळा व कसे भरवावे हे आईला पटवून देणे. वजन-उंची अचूक घेऊन वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडणे व रेषा आडवी होऊ लागताच सावध होणे. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे हे ओळखून त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरणे. आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाला धाक न घालता आठवड्या-दोन आठवड्यांत रुळविणे. बोबडे बोलणे कोणत्या वयापर्यंत स्वाभाविक आणि कोठून पुढे काळजीचे, हे जाणणे. गोष्ट अशी सांगणे की मुलाने पुढचा प्रश्न विचारावा. आणि वीस-पंचवीस मुलांत जे एक गप्प बसले आहे त्याच्याकडे प्रथम लक्ष जाणे. यांतील पहिले तीन विषय पुस्तकात लिहिता येतील. उरलेले लिहूनही येत नाहीत. रडणाऱ्या मुलाला भूक लागली आहे, झोप आली आहे, की कान दुखतो आहे, हे रडण्यावरून ओळखणारी सेविका आणि गुळव्या ही दोघे एकाच जातीच्या विद्येचे धनी आहेत. ही विद्या शेजारी उभे राहूनच घ्यावी लागते.

कसबा बावड्यात हा प्रश्न मांडण्याचे आणखी एक कारण आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. त्यांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी हे धाडस केवढे होते हे निराळे सांगावयास नको. परंतु ती सक्ती मुलाच्या सातव्या वर्षापासून होती. पुढे ब्याण्णव वर्षांनी, २००९ साली, साऱ्या देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला, तोही सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारने सोय करावी एवढी इच्छा त्यात व्यक्त केली आहे, हक्क मात्र दिलेला नाही. म्हणजे जवळजवळ एका शतकात कायदा सातावरून सहावर आला, एवढीच प्रगती. इकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आतच होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवितो, आणि पाळण्यापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मात्र दिवा लावीत नाही.

या वाटेवर महाराष्ट्रात कोणी चाललेच नाही असे मात्र नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत राहून बालशिक्षणाची दीक्षा घेतली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. शहरातील सुस्थित घरांच्या मुलांत त्यांचे नाव झालेले असता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या व तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्यांच्या हाताखाली अनुताई वाघ रुजू झाल्या. अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी लग्न व वर्षाच्या आतच वैधव्य असा आघात सोसून त्या शिकल्या होत्या आणि पुण्यात शिक्षिकेचे काम केलेल्या होत्या. अध्यापनाचा अनुभव गाठीशी असतानाही बालवाडीचे काम त्यांनी नव्याने, ताराबाईंच्या शेजारी बसून, पहिल्या धड्यापासून शिकून घेतले. आमच्या मते मराठी मुलुखातील बालसंगोपनाच्या उमेदवारीचे याहून मोठे उदाहरण नाही.

त्या उमेदवारीत काय होते? वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून वस्तीतील अंगणात जाऊन बसली. मुलांना आधी न्हाऊ घालावयाचे, केस विंचरावयाचे, मग गाणे आणि खेळ. परदेशी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने. काय जमले, काय फसले, यावर गुरू-शिष्येची नित्य चर्चा. १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर हलले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणारी ‘विकासवाडी’ तेथे आकाराला आली, आणि गावोगावच्या सामान्य बायका तेथे काम करीत बालसेविका झाल्या. अंगणात भरणारी ती बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. परंतु नाव गेले, रीत मागे राहिली. अंगण सरकारने घेतले. शेजारी बसून शिकविणाऱ्या ताराबाई मात्र घेतल्या नाहीत.

आजची स्थिती पाहा. अंगणवाडी सेविकेवर सहा सेवांचा भार आहे: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, मातांना आरोग्य व आहाराचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक शिक्षण. शिवाय २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनीवरील नोंदवहीत रोजचा तपशील भरावयाचा. या साऱ्यासाठी सरकार प्रशिक्षण देत नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२३ साली ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम निघाला व त्यात सेविकांचे तीन दिवसांचे वर्ग सुरू झाले; २०२४ साली तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ व त्यापुढील मुलांसाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे प्रसिद्ध झाले, आणि ते चांगले आहेत. २०२० च्या धोरणाने बारावी झालेल्या सेविकांस सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांस एक वर्षाची पदविका सुचविली आहे. पण ती मुख्यतः दूरशिक्षणाने, आणि समक्ष वर्ग महिन्यातून निदान एकदा. पी हळद आणि हो गोरी, असे हे नव्हे काय? ज्या तालमीचा वस्ताद महिन्यातून एकदा येतो, त्या तालमीचा मल्ल खासबागेत किती टिकेल, हे कोल्हापूरकरांस आम्ही सांगावयास नको.

या अंगणवाडीत आणखी एक बाई असते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती मदतनीस. सकाळी दार ती उघडते, केर ती काढते, पाणी ती भरते, आहार ती शिजविते, घरी जाऊन मुलाला ती आणते, त्याचे नाक ती पुसते. सेविका नोंदीत गुंतली असता मुलांपाशी तीच असते. राज्यात २०२३ सालापासून नव्या भरतीत सेविकेप्रमाणेच मदतनिसासही बारावी उत्तीर्ण ही किमान अट आहे. शिवाय केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून भरावयाच्या आहेत. म्हणजे बारावी शिकलेली, पाच वर्षे मुलांत वावरलेली, पुढे सेविका होणारी अशी ही बाई. तिला उमेदवार म्हणावयाचे नाही तर कोणास म्हणावयाचे? परंतु त्या पाच वर्षांत तिला काय शिकवावे, कोणी शिकवावे व ती शिकली की नाही हे कसे पाहावे, याविषयी रीतसर व्यवस्था नाही. पाच वर्षे ती भांडी घासते आणि सहाव्या वर्षी तिच्या हाती पंचवीस मुले येतात. दोष तिचा नव्हे. उमेदवारीतील कष्ट आपण तिच्याकडून पुरेपूर घेतले, आणि उमेदवारीतील विद्या द्यावयाची विसरलो.

मोबदल्याची गोष्ट याहून निराळी नाही. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेस दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसास २,२५० रुपये असा आकडा ठरविला. राज्ये त्यावर आपापली भर घालतात. याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. आणि त्यात मानही थोडा व धनही थोडे अशी स्थिती आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात मिटला. इतके दिवस अंगणवाड्यांना कुलूप राहिले तेव्हा पुष्कळांस त्यांची आठवण झाली. तत्पूर्वी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात निर्णय दिला की, सेविका व मदतनीस यांस उपदानाचा हक्क आहे. न्यायालयास जे काम नोकरी वाटले, ते समाजास अद्याप सेवाभाव वाटते. आमचे स्पष्ट मत असे आहे की, या दोन गोष्टी एकमेकींस बांधलेल्या आहेत. काम शिकावे लागत नाही असे आपण म्हणतो म्हणून त्याचा मोबदला कमी ठेवतो. आणि मोबदला कमी म्हणून ते शिकावयास कोणी वेळ घालवीत नाही. हे रहाट कोठे तरी थांबविले पाहिजे, आणि ते शिक्षणाच्या टोकाकडूनच थांबेल.

इतर देशांनी हे केले आहे. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट व रेचेल मॅकमिलन या भगिनींनी १९१४ साली उघड्या हवेतील बालशाळा काढली आणि तरुण मुलींस मुलांमध्येच ठेवून तयार केले. १९३० साली त्यातून मोठे अध्यापन महाविद्यालय उभे राहिले. आज इंग्लंडात मुलगी पाळणाघरात नोकरी करीत, पगार घेत, शिकाऊ उमेदवार म्हणून बालसंगोपनाची पात्रता मिळवू शकते. जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताने २०१२ पासून तीन वर्षांची अशी रीत घातली की, विद्यार्थी काही दिवस शाळेत व काही दिवस बालवाडीत असतो आणि संपूर्ण काळ त्याला वेतन मिळते. त्यामुळे ज्यांना घरखर्चामुळे शिकणे अशक्य होते असे लोक या धंद्यात येऊ शकले. इतके दूर जावयाचे नसेल तर दिल्लीकडे पाहावे. १९६९ साली मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि तेथील कार्यकर्त्या मुख्यतः प्रत्यक्ष कामातूनच तयार झाल्या.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप व्यापारी वाचकांचा: याचा खर्च कोणी करावा, आणि यात आमचा काय संबंध? संबंध असा. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास पाळणाघर ठेवावे, आणि ते बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात असावे, असे लिहून ठेवले होते. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेस पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती अट राखली आहे. गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत, मोठ्या दुकानांत, रुग्णालयांत अशी पाळणाघरे उभी करावयाची तर शिकलेल्या बायका कोठून आणणार? दुसरीकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१४ च्या दुरुस्तीने यादीबाहेरील कामेही ‘वैकल्पिक व्यवसाय’ म्हणून या कायद्याखाली आणण्याची मुभा दिली. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरविले. आणि २०१६ च्या योजनेने त्यातील चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकारने उचलण्याचे ठरले. फिटर आणि वेल्डर यांच्यासाठी जी तरतूद आमचे कारखानदार वापरतात, तीच पाळणाघराच्या सेविकेसाठी वापरण्यास कोणती अडचण आहे? आणि हिशेबाचीच गोष्ट काढली तर, मूल सुरक्षित हाती आहे हे ठाऊक असलेली कामगार स्त्री कामावर टिकते, आणि टिकलेला हात नव्या हातापेक्षा स्वस्त पडतो, हे कोणत्याही मुनीमास कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो आम्हांस मान्य आहे. उमेदवारी या गोंडस नावाखाली गरीब मुलींस फुकट राबविले जाईल, अशी ही भीती. ती निराधार नाही. वर्षभर ‘शीक’ म्हणून झाडलोट करून घ्यावयाची आणि अखेरीस हातावर कागद ठेवावयाचा, असे प्रकार अनेक धंद्यांत घडतात. त्याच्या उलट, भरभक्कम फी घेऊन खोलीत बसवून चार महिने वह्या भरून घेणारे आणि एकाही मुलास हात न लावता बालवाडीचे प्रमाणपत्र देणारे वर्गही आहेत. पहिल्या ठिकाणी कष्ट आहेत, विद्या नाही. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही नाहीत. म्हणून उमेदवारीस अटी हव्यात. विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून मिळावे. मुदत ठरलेली असावी. एका जाणत्या सेविकेच्या हाताखाली दोहोंपेक्षा अधिक उमेदवार नसावेत, आणि शिकविण्याच्या या कामाबद्दल त्या सेविकेस स्वतंत्र भत्ता मिळावा. वस्तादास फुकट राबवून पठ्ठे तयार होत नाहीत. परीक्षा कागदावर न होता मुलांमध्ये उभे राहून व्हावी. आणि ती उत्तीर्ण झाल्यावर पद व वेतन यांत ठरलेली वाढ मिळावी.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो मनात असतो: आमची मुलगी काय दाईचे काम करणार? परिचारिकेच्या धंद्याविषयीही एके काळी आमच्या समाजात असेच बोलत. आज परिचारिका होणे हे शेकडो घरांत अभिमानाचे आहे. फरक पडला तो रीतसर शिक्षणाने, गणवेशाने, पदवीने आणि पगाराने. बालसंगोपनाच्या बाबतीतही तसेच होईल. आम्ही तर म्हणतो, तरुण मुलांनीही या कामात यावे. ज्या घरात बापाचा हात मुलाच्या पाठीवर क्वचितच फिरतो, त्या घरातील मुलास प्रेमळ पुरुष पाहावयास मिळणे हेही एक शिक्षणच आहे.

तेव्हा करावयाचे काय? सारा देश एका दिवसात बदलावा असे आम्ही म्हणत नाही. प्रारंभ कसबा बावड्यापासून करावा. येथील अंगणवाड्यांतून कामात मुरलेल्या चार-पाच सेविका निवडाव्यात. प्रत्येकीकडे तिची स्वतःची मदतनीस व बाहेरची एक तरुणी, अशा दोन उमेदवार द्याव्यात. आठवड्यातून पाच दिवस मुलांमध्ये काम, सहाव्या दिवशी वर्ग. पहिले तीन महिने स्वच्छता, भरवणे, मुलास रुळविणे. दुसरे तीन महिने वजन, वाढ, आजार व लसीकरण. तिसरे तीन महिने भाषा, गोष्ट, गाणे व खेळ. शेवटचे तीन महिने गृहभेटी, मातांशी संभाषण आणि नोंदी. वर्षाखेरीस महापालिका, आरोग्य खाते व शिक्षण खाते यांच्या जाणकारांनी समक्ष परीक्षा घ्यावी. विद्यावेतनाचा भार पाळणाघराची गरज असलेल्या कारखानदारांनी व व्यापाऱ्यांनी वर सांगितलेल्या कायद्याच्या आधारे वाटून घ्यावा. कोल्हापुरास अशा प्रयोगांचे वावडे नाही. १९८५ साली लीलाताई पाटील यांनी याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून, मुलांबरोबर शिक्षकही रोज शिकू शकतो, हे दाखवून दिले. जे सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी साधले, ते तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी न साधण्याचे कारण नाही.

वर्षाखेरीस बावड्यात आठ-दहा जणी शिकून बाहेर पडतील. आकडा लहान वाटेल. परंतु त्यांतील प्रत्येकीच्या हाताखाली पुढे दोन-दोन तयार होतील, आणि दहा वर्षांत या गावात असे एकही मूल उरणार नाही की ज्याच्या वजनाची रेषा आडवी झाली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. शाहू छत्रपतींनी आमच्या पणजोबांस एक रुपया दंडाची धमकी देऊन शाळेत धाडले; तो दंड आज आपणांस कोणी करणार नाही. आपला दंड आपली मुले भरतात, आणि तो रुपयांत मोजला जात नाही.

पुढच्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी पाहावयास बावड्यात पुन्हा गर्दी होईल. तेथून परतताना वाटेतल्या एखाद्या अंगणवाडीत वाचकांनी क्षणभर डोकवावे, आणि तेथील मदतनिसास एवढेच विचारावे की, ‘बाई, हे काम तुम्हांला कोणी शिकविले?’ तिचे उत्तर ऐकून खाली मान घालण्याची पाळी ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी आम्ही हा विषय सोडून देऊ.